हुकूम नोकरीचे, दाम मानधनाचे

राजधानी दिल्लीत लहान मुलांच्या कल्याणाचा कारभार दोन भाषांत चालतो. पहिली भाषा परिपत्रकाची. महिला व बाल विकास खात्याकडून अंगणवाडी सेविकेकडे येणाऱ्या प्रत्येक कागदात, आणि आता कागदापेक्षाही मोबाईलच्या पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक सूचनेत, ती बाई शासनयंत्रणेची नोकर आहे असे गृहीत धरलेले असते. तिने ठरल्या वेळी केंद्र उघडावे, नोंद त्याच दिवशी भरावी, भरली नाही तर खुलासा द्यावा, आणि खुलासा साहेबांना पटला नाही तर कारवाईस तयार राहावे. दुसरी भाषा हिशेबाची. महिनाअखेर पैसे मोजण्याची वेळ आली की तीच बाई एकाएकी नोकर उरत नाही. ती समाजसेवेच्या ओढीने दिवसाकाठी चार घटका देणारी ‘मानसेवी कार्यकर्ती’ होते, आणि तिच्या हातावर जे ठेवले जाते त्याला वेतन न म्हणता ‘मानधन’ म्हटले जाते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. लहान मुलांची देखभाल ही शासनाची जबाबदारी आहे असे एकदा मान्य केले की ती पार पाडणाऱ्या बाईला कामगार मानावे लागते. आणि कामगार मानले की किमान वेतन, रजा, निवृत्तिवेतन व संघटनेचा हक्क ओघानेच येतात. सत्ताधाऱ्यांना मुलांच्या नावाने मिळणारी कीर्ती हवी आहे, ओघाने येणारे मात्र नको आहे. मार्गदर्शक सूचना ही त्यातून काढलेली पळवाट होय. जे काम शासनाने पैसा, जागा आणि माणसे देऊन करावयाचे, ते सूचना काढून सेविकेच्या अंगावर ढकलायचे. झाले तर श्रेय मंत्र्याचे, न झाले तर दोष तिचा.

चेहरा जुळत नाही

ताजे उदाहरण १ जुलै २०२५ चे आहे. घरी न्यावयाच्या पोषण शिध्याच्या वाटपासाठी चेहऱ्याची ओळख पटवणे केंद्र सरकारने या तारखेपासून देशभर सक्तीचे केले. मार्च २०२१ पासून चालू असलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ नावाच्या ॲपमध्ये आधी आईचे आधार जोडावयाचे, तिच्या मोबाईलवर आलेला ओ.टी.पी. विचारून भरावयाचा, तिचे छायाचित्र नोंदवावयाचे. आणि मग दर वाटपाला तिला समोर उभी करून चेहरा जुळतो की नाही हे ॲपला विचारावयाचे. ॲपने होकार दिला तर सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाचा शिधा सुटणार.

मंत्रालयातील वातानुकूलित खोलीत ही योजना निर्दोष दिसत असेल. संगमविहार, सीमापुरी किंवा जहांगीरपुरीच्या गल्लीत तिचे काय होते? बाळाची आई सकाळीच कोठ्यांतून धुणीभांडी करायला गेलेली असते. आधारशी जोडलेला मोबाईल नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा ओखल्याच्या कारखान्यात पाळीवर. किंवा तो क्रमांक गावी असताना घेतलेला आणि रिचार्जला पैसे नसल्यामुळे केव्हाच बंद पडलेला. आधारवरचे छायाचित्र लग्नाआधीचे; दोन बाळंतपणांनंतर गाल बसलेली ती बाई यंत्राला परकी वाटली तर नवल कसले? कुपोषण हुडकण्यासाठी आणलेले यंत्र कुपोषित बाईलाच ओळखेनासे होते. सेविका मात्र एका घरी तीन-तीन खेपा घालते, जाळे मिळावे म्हणून गच्चीवर चढते, आणि शेवटी रिकाम्या हाताने परतणाऱ्या आईच्या शिव्या खाते. शिव्या देणारीला दिसते ती समोरची सेविका. सूचना काढणारा अधिकारी त्या गल्लीत कधी दिसत नाही.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातांना आणि सहा वर्षांखालील बालकांना पोषण आहाराचा हक्क दिला. त्या कलमांत चेहरा जुळण्याची अट संसदेने घातलेली नाही. ती वरून आलेल्या सूचनेने घातली. संसदेने दिलेला हक्क ॲपने अडवावा, आणि त्या अडवणुकीची पहारेकरी म्हणून वस्तीतल्याच गरीब बाईला उभे करावे, अशी ही तऱ्हा आहे.

सरकारचे समर्थक म्हणतील, यामुळे चोरी थांबेल. पोषण आहारात चोरी झालीच नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती पळीत होती की ठेक्यात? अन्नाच्या हक्काच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २००४ मध्ये असा आदेश द्यावा लागला की अंगणवाडीच्या आहाराचा पुरवठा ठेकेदारांकडून करून घेऊ नये. त्या आदेशातून वाटा काढणाऱ्या बड्या ठेकेदारांचे चेहरे जुळवून पाहण्याचे ॲप आजवर कोणत्याही मंत्रालयाने काढलेले नाही. आणि ज्या आहाराच्या रक्षणासाठी हा सारा खटाटोप, त्याचा दर तरी काय? २०१७ मध्ये तो सामान्य बालकामागे दिवसाला ८ रुपये ठरला. महागाई चढत राहिली, दर मात्र वर्षानुवर्षे तेथेच राहिला. २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांना तो वाढवण्याचे आश्वासन द्यावे लागले. चेहरा तपासण्याची घाई आणि ताट भरण्याची दिरंगाई एकाच मंत्रालयाची आहे.

यावर भर म्हणून शिक्षणाच्या सूचना आल्या. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम निघाला. २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हे आराखडे आले. रोज किमान दोन तास दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण द्यावे, असे त्यात अपेक्षित आहे. आराखडे वाईट नाहीत. खेळातून शिकवावे, घरच्या भाषेत बोलावे, तान्ह्याशी गाणी-गप्पा कराव्यात, यात विरोध करण्याजोगे काय आहे? प्रश्न वेगळाच आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणच सांगते. म्हणजे सरकारच्याच हिशेबाने देशातले सर्वांत महत्त्वाचे शिक्षण ज्या बाईच्या हाती आहे, तिला शिक्षिका म्हणायला सरकार तयार नाही. तिला काही दिवसांचे प्रशिक्षण, एक पुस्तिका आणि आणखी एक नोंद पुरते.

खासगी बालवाड्यांचा न्याय पाहिला म्हणजे ढोंग पुरते उघडे पडते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले-स्कूलांसाठी जी नियमावली केली, तिच्यात वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी बाई असावी असे म्हटले आहे. नियम योग्यच आहे. आता अंगणवाडीचा निकष पाहावा: शहरात ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक केंद्र, एक सेविका, एक मदतनीस. त्या वस्तीतील सहा वर्षांखालची सारी मुले, सर्व गर्भवती, सर्व स्तनदा माता, किशोरी, लसीकरणाचा दिवस, वजनकाटा, गृहभेटी, आणि निवडणूक आली की मतदार यादीचे काम. भाड्याच्या एका खोलीत हे सर्व भरवायचे. गुरुग्रामच्या उंच इमारतींच्या आवारातील मुलाला वीसांत एक शिक्षिका आणि इमारत बांधणाऱ्याच्या मुलाला आठशेच्या वस्तीत एक ‘स्वयंसेविका’! वर्गसमाजात पाळणेही दोन जातीचे असतात.

बोर्डीच्या अंगणातून

महाराष्ट्रातील वाचकांना या प्रश्नाचे मूळ परके वाटू नये, कारण ‘अंगणवाडी’ हा शब्दच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या मातीतला आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासींची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. पोर अंगावर धाकटे भावंड घेऊन बसलेले असते, किंवा गुरांमागे जाते, हे त्यांनी पाहिले आणि बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाच्या जगण्यातून शिक्षणाची रीत ठरवायची, रीतीच्या साच्यात मूल कोंबायचे नाही, हा त्या कामाचा गाभा होता. दिल्लीहून निघणाऱ्या सूचनांची दिशा नेमकी याच्या उलटी आहे.

आणि त्याच १९४५ साली, त्याच परिसरात, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या लाल झेंड्याभोवती जमलेल्या वारल्यांनी वेठ झुगारून दिली. जमीनदाराच्या घरी फुकट राबणे हा आपला धर्म नव्हे, हे त्यांनी उघड सांगितले. एकीकडे मुलांसाठी अंगणवाडी, दुसरीकडे वेठीचा अंत. तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशावर आणीबाणी असताना भारत सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली तेव्हा त्याने बोर्डीचे नाव घेतले. वारल्यांचा धडा मात्र सोयिस्करपणे मागे ठेवला. मॅट्रिक न झालेल्या सेविकेचे मानधन तेव्हा महिना १०० रुपये ठरले. आज देशात चौदा लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. मात्र केंद्राने सेविकेसाठी ठरवलेली रक्कम २०११ मध्ये ३,००० होती ती ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० झाली. बाकीची भर राज्यांनी आपापल्या मगदुराप्रमाणे घातली, आणि तीही बहुधा संपानंतर.

किमान वेतनाहून कमी दाम देऊन काम करून घेणे म्हणजे काय, याचा निवाडाही दिल्लीतच उभ्या राहिलेल्या प्रकरणात झालेला आहे. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी स्टेडियमे व पूल बांधले जात असताना मजुरांची जी लूट चालली होती, तिच्याविरुद्ध पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्या. भगवती यांच्या पीठाने त्याच वर्षी निर्णय दिला की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात श्रम करावे लागणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी होय. पोटाची निकड हीसुद्धा सक्तीच आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. किमान वेतन कायदा अंगणवाडीला लागूच नाही, असे उत्तर सरकार देते. म्हणजे आपणच बाईला कामगार म्हणावयाचे नाही, आणि मग कामगार नसल्यामुळे कामगाराचा कायदा तिला लागू नाही असे म्हणावयाचे. जमीनदारही वेठीला वेठ म्हणत नसे. तो तिला रिवाज म्हणे.

अडतीस दिवस

३१ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीतील हजारो सेविका व मदतनिसांनी संप पुकारला आणि मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाजवळ ठाण मांडले. कोविडच्या काळात घरोघर पाहणी करणाऱ्या, शिधा पोचवणाऱ्या याच बायका होत्या. तेव्हा त्यांना ‘योद्धा’ म्हटले गेले होते. २०१७ च्या दीर्घ संपानंतर सेविकेला ९,६७८ आणि मदतनिसीला ४,८३९ रुपये मिळू लागले होते, त्यावर चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. रस्त्यावर बसून चौथा आठवडा सरत असताना केजरीवाल सरकारने वाढ जाहीर केली: सेविकेला १२,७२०, मदतनिसीला ६,८१०. त्यातही प्रवासाचा व मोबाईलचा भत्ता मिळवलेला. त्या वेळी दिल्लीतील अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना १६,०६४ रुपये होते. म्हणजे वाढ देऊनही सेविका अकुशल मजुराच्या खाली तीन हजारांवर, आणि मदतनीस त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. संपकरी बायकांनी ती वाढ पुरेशी मानली नाही. यात त्यांचे काय चुकले?

पुढे जे घडले ते प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवण्याजोगे आहे. दिल्लीचे राज्य सरकार एका पक्षाचे आणि नायब राज्यपाल दुसऱ्या पक्षाच्या केंद्र सरकारने नेमलेले. कोणाचा अधिकार कोठवर, या वादात दोघांनी उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकमेकांना खेचले होते. कोणत्याही फाइलीवर एकमत नाही अशी ख्याती. पण ९ मार्च २०२२ रोजी एका फाइलीवर एकमत झाले. हरियाणाचा १९७४ चा अत्यावश्यक सेवा कायदा दिल्लीत वापरून अंगणवाडी सेविकांचा संप सहा महिन्यांसाठी बेकायदा ठरवण्यात आला. अडतीस दिवसांचा संप थांबवावा लागला. नंतरच्या दिवसांत ८८४ सेविका व मदतनिसांना कामावरून कमी केल्याचे कागद हाती आले. शाळा, दवाखाने आणि स्वस्त वीज यांच्या नावाने मते मागणारे ‘आम आदमी’चे सरकार आणि ‘बेटी बचाओ’चा घोष करणारे केंद्र, गरीब बायकांच्या विरोधात एका रांगेत उभे राहिले.

येथे दुहेरी भाषेची खरी गंमत आहे. जी सेवा इतकी ‘अत्यावश्यक’ की ती थांबली तर दडपशाहीचा कायदा लावावा लागतो, ती करणारी बाई मात्र आवडीने वेळ देणारी स्वयंसेविका! स्वयंसेवकाला संप करण्याची मनाई कशी करता येते? आणि मनाई करता येत असेल तर ती नोकर नव्हे काय? बायका न्यायालयात गेल्या. त्यांची जागा भरून काढण्याची घाई सरकारने दाखवली, तिच्या दहाव्या हिश्शाची घाईही मागण्यांवर बोलणी करण्यात दिसली नव्हती.

सीमेपलीकडे काय चालले होते? गुरुग्राम व फरीदाबाद ही राजधानी क्षेत्रातीलच शहरे. पण राज्य हरियाणाचे. तेथील सेविका डिसेंबर २०२१ पासूनच संपावर होत्या, आणि त्यांची एक मुख्य मागणी अशी की खुद्द पंतप्रधानांनी २०१८ मध्ये जाहीर केलेली वाढ हातात पडावी. तेथेही बडतर्फीचेच उत्तर मिळाले. संपाच्या त्या महिन्यांत दिल्ली आणि हरियाणा यांच्या सरकारांत फरक उरला तो झेंड्याच्या रंगापुरता.

पाळणा कोण हलवणार

अंगणवाडी चार-पाच तास चालते. आईची मजुरी आठ-दहा तास. उरलेल्या वेळात मूल कोठे असते? राजघाटाशेजारी १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीचे बांधकाम चालू असताना धुळीत टाकलेली मजुरांची पोरे पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले, आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. महात्म्याच्या नावाचे मंडप उभारणाऱ्या बाईचे तान्हे उन्हात पडले होते, ही नोंद राजधानीच्या इतिहासात राहायला हवी. त्यानंतर कायदे झाले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. ठेकेदाराच्या हजेरीपटावर बायका पन्नाशी गाठतच नाहीत. नवराबायकोची जोडी नवऱ्याच्याच नावावर लागते आणि मजुरीही त्याच्याच हाती पडते. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघराचे बंधन आले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचाच उंबरठा कायम आहे. कोठ्यांतून राबणारी मोलकरीण, कचरा वेचणारी, घरी बसून तुकड्यावर मणी ओवणारी, यांना पन्नास सोबतिणी कोठून मिळणार?

त्यांच्यासाठी सरकारी पाळणाघरे होती. २००६ पासूनच्या योजनेखाली देशात त्यांची संख्या वीस हजारांवर गेली होती. १ जानेवारी २०१७ पासून केंद्राने आपला वाटा ९० टक्क्यांवरून बहुतेक राज्यांत ६० टक्क्यांवर आणला आणि उरलेला भार राज्ये व स्वयंसेवी संस्था यांच्यावर टाकला. पैसे अडले, संस्था मागे हटल्या, २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास पाळणाघरे उरली. एकाही गोळीचा आवाज न होता हजारो पाळणाघरे बंद झाली. एका सूचनेने ते काम केले.

आता त्याच जागी ‘पालना’ योजना आली आहे: अंगणवाडीलाच पाळणाघर जोडावयाचे. २०२५ मध्ये दिल्लीत अशा ५०० केंद्रांचा समारंभपूर्वक प्रारंभ झाला. केंद्रे निघावीत, आणखीही निघावीत. पण मार्गदर्शक सूचनांतला आकडा वाचावा. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, महिन्यातून २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. आणि त्यासाठी पाळणाघर कार्यकर्तीला ५,५०० रुपये, मदतनिसीला ३,०००. आता ‘चार घटकांच्या सेवे’ची सबबही उरत नाही. साडेसात तास म्हणजे कारखान्यातील पाळी होय. दिवसाकाठी २१२ रुपयांत राजधानीतील बाई दुसऱ्यांची मुले सांभाळणार, आणि तिची स्वतःची मुले? त्यांच्याबद्दल सूचनेत एक ओळ नाही.

लेनिन यांनी १९१९ मध्ये सार्वजनिक भोजनालये, शिशुगृहे आणि बालमंदिरे यांना नव्या समाजाचे अंकुर म्हटले होते, ते स्त्रीला घरकामाच्या दावणीतून सोडवण्याच्या संदर्भात. क्यूबाने क्रांतीनंतर अवघ्या दोन वर्षांत, १९६१ मध्ये, कामकरी आयांसाठी सार्वजनिक शिशुगृहांचे जाळे विणायला घेतले, आणि ते काही श्रीमंत राष्ट्र नव्हे. भांडवली राज्यातील शिशुगृहाचे गणित वेगळे असते: एका गरीब बाईला मजुरीसाठी मोकळे करावयाचे आणि त्याची किंमत दुसऱ्या गरीब बाईच्या अंगावर टाकावयाची.

पैसा नाही, ही जुनी सबब

सरकारी वकिलांचा आवडता आधार २००६ चा अमीरबी खटल्यातील निकाल. त्यात अंगणवाडी सेविका शासनाचे नागरी पद धारण करत नाहीत असे म्हटले गेले. परंतु २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन भारिया खटल्यात न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या पीठाने सेविका व मदतनिसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू असल्याचे सांगितले. मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, आणि अन्नसुरक्षा व शिक्षणहक्क या कायद्यांमुळे अंगणवाडी आता शासनाचे वैधानिक कर्तव्य पार पाडते, हा त्यामागचा विचार. तो निकाल आला तेव्हा दिल्लीतील बडतर्फीचे कागद जेमतेम सहा आठवड्यांचे होते. त्याआधी, मे २०१३ मध्ये, ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली होती. त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिघेही बसतात. २०१५ मधील ४६ व्या परिषदेने तिचा पुनरुच्चार केला. पुढची दहा वर्षे परिषदच भरवली गेली नाही. शिफारस टाळण्याची ही सर्वांत सोपी रीत.

राहता राहिला पैसा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कर एका फटक्यात कमी झाला तेव्हा वर्षाला १,४५,००० कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल असे सरकारनेच सांगितले होते. २०२५-२६ मध्ये सक्षम अंगणवाडी व पोषण योजनेची सारी तरतूद २२,००० कोटींच्याही आत आहे. मक्तेदारांना एका घोषणेत जे देण्यात आले, त्यात देशातील सर्व अंगणवाड्या सहा वर्षे चालल्या असत्या. या आकड्यांपुढे ‘तिजोरी रिकामी’ हे वाक्य उच्चारायला मोठे धाडस लागते, आणि ते धाडस सत्ताधाऱ्यांकडे आहे.

महाराष्ट्रातही मागितल्याशिवाय काही मिळालेले नाही. फेब्रुवारी २०२३ च्या संपानंतर सेविकेचे मानधन ८,३२५ वरून १०,००० झाले. ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न लोंबकळत ठेवला म्हणून ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सेविका-मदतनीस पुन्हा संपावर गेल्या, आणि बावन्न दिवस टिकल्या. त्या संपातही नोटिसा निघाल्या, कुलपे तोडून केंद्रे उघडण्याचे प्रयत्न झाले. दिल्लीच्या भगिनींना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

फेब्रुवारी २०२५ पर्यंत दिल्लीत एक सोय होती: राज्य सरकार केंद्राकडे बोट दाखवी आणि केंद्र राज्याकडे. त्या महिन्यातील निवडणुकीने ती सोय संपवली. केंद्र, नायब राज्यपाल आणि राज्य सरकार आता एकाच पक्षाच्या ताब्यात आले. याच राज्य सरकारने १ एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना १८,४५६ आणि कुशल कामगाराचे २२,४११ रुपये ठरवले. ते आपल्याच महिला व बाल विकास खात्यात सेविका व मदतनिसांना लागू करण्यास कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागते, हे मुख्यमंत्र्यांनी सांगावे. २०२२ चे ८८४ बडतर्फीचे आदेश सरसकट रद्द करणे, ग्रॅच्युइटीचा हिशेब नेमणुकीच्या पहिल्या दिवसापासून मांडणे, आणि चेहरा जुळला नाही म्हणून कोणत्याही बाळाचा शिधा अडणार नाही असे लेखी कळवणे, ही तीन कामे परिपत्रकानेच होणारी आहेत, आणि परिपत्रके काढण्यात हे खाते कधी मागे पडलेले नाही.